माहिष्मतीचे पत्ते

पहिला दिवस : हैदराबाद

माहिष्मतीला जायचं तर आधी तिकीट काढावं लागतं. मग रांग, मग उघड्या खिडक्यांची बस. बसमधला गाइड माइकवर सांगतो की पुढच्या थांब्यावर राजवाडा आहे, सिंहासनाजवळ गर्दी करू नका, मागच्यांनाही फोटो काढायचे आहेत.

हैदराबादहून विजयवाड्याच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर रामोजी फिल्म सिटी आहे. 1996 साली सुरू झालेली, सोळाशे एकरांहून मोठी. एस. एस. राजामौली यांच्या 'बाहुबली'चे दोन्ही भाग (2015 आणि 2017) मुख्यतः इथं चित्रित झाले. कलादिग्दर्शक साबू सिरिल यांनी उभारलेली नगरी चित्रीकरण संपल्यावर मोडली नाही, लोकांना बघायला ठेवली. सोबत माझा कॉलेजात जाणारा भाचा होता. मला मध्य प्रदेशातलं नर्मदाकाठचं महेश्वर बघायचं होतं, त्याला ही नगरी. तडजोड अशी झाली की आधी त्याची माहिष्मती, मग माझी.

सेट आहे भव्यच. सोंड उंचावलेले प्रचंड हत्ती, अंगणं, खांब. जवळ जाऊन बोटानं टकटक केलं की आतून पोकळ आवाज येतो आणि उन्हापावसानं काही ठिकाणी सोनेरी रंगाचे पोपडे सुटलेत. मला ते पोपडेही आवडले. पडद्यावर दिसणारी नगरी इथं फार तर खालच्या मजल्यापर्यंत आहे, वरचं सगळं संगणकावर बांधलेलं. धबधब्यासाठी चमू केरळात अतिरप्पिळ्ळीला गेला होता, त्याची उंची पुढं संगणकानं वाढवली.

कथा काल्पनिक असली तरी नावं मात्र जुन्या कपाटातून काढलेली आहेत. माहिष्मती ही खरोखरच अवंती जनपदाच्या दक्षिण भागाची राजधानी होती, उत्तरेची उज्जयिनी. सिनेमात अवंतिका नावाची नायिका आहे. देवसेनेचं कुंतल राज्य आहे आणि कुंतल म्हणजे इतिहासात आपल्या दक्षिण महाराष्ट्राचा आणि उत्तर कर्नाटकाचा प्रदेश. कालकेय महाभारतातले असुर. नकाशा गुंडाळून ठेवला आणि नावं तेवढी उचलली. माझी त्याबद्दल तक्रार नाही. हे नाव उचलणारे ते पहिले नव्हेत, हे पुढं दिसेलच. खुद्द तेलुगू मुलखातही हे काही परकं नाव नाही. माहिष्मतीचा पुराणातला राजवंश हैहयांचा, आणि मध्ययुगात आंध्रातल्या पलनाडचे राजे स्वतःला हैहयच म्हणवत.

सिनेमानंतर तर त्याला पायच फुटले. अ‍ॅनिमेशन मालिका झाली, शिवगामीच्या तरुणपणावर कादंबरी आली, 2017 साली कोलकात्याच्या श्रीभूमीच्या दुर्गापूजेत माहिष्मतीचा महाल उभा राहिला. आपल्याकडे त्या वर्षांत किती गणेश मंडळांनी तसले देखावे केले आणि किती लग्नांत नवरदेव तसल्या सिंहासनावर बसले, त्याची गणती नसेल. संध्याकाळच्या विमानानं आम्ही इंदूर गाठलं.

दुसरा दिवस : ओंकारेश्वर

इंदूरहून सिमरोलचा घाट उतरून बडवाह, मोरटक्का आणि मग ओंकारेश्वर. लोक इथं ज्योतिर्लिंगासाठी येतात. आम्हीही दर्शन घेतलं, पण माझं लक्ष बेटावर होतं.

एकोणिसाव्या शतकात माहिष्मती नेमकी कुठली, यावर विद्वानांची जुंपली होती. कनिंगहॅम यांचा कल मंडल्याकडे, म्हणजे इथून कितीतरी पूर्वेला, नर्मदेच्या वरच्या अंगाला. कुणी थेट म्हैसूरकडे बोट दाखवलं. पार्जिटर यांनी पुराणांचा अभ्यास करून कौल दिला तो या मांधाता बेटाला. इथं येऊन उभं राहिलं की त्यांचं म्हणणं पटायला लागतं. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीचं स्वयंवर आहे. सखी सुनंदा तिला एकेका राजासमोर नेते आणि माहिष्मतीच्या राजासमोर थांबून म्हणते, महालाच्या जाळीतून रेवा, म्हणजे नर्मदा, बघायची हौस असेल तर याला वर. ती रेवा म्हणजे माहिष्मतीच्या तटाच्या कमरेभोवतीची मेखला. आता नदीनं नगरीला मेखलेसारखं वेढायचं तर बेटाइतकी सोयीची जागा कुठली? एका बाजूला नर्मदा, दुसऱ्या बाजूला तिचीच कावेरी नावाची धार.

त्याच श्लोकात कालिदास त्या राजाला 'दीर्घबाहु' म्हणतो. हे सांगितल्यावर भाचा पुलावर थांबला आणि म्हणाला, "मावशी, म्हणजे हे राजामौलींच्या आधीच होतं!" इंदुमतीनं त्या दीर्घबाहूला नापसंत केलं आणि पुढं अजाच्या गळ्यात माळ घातली, हे त्याला फारसं रुचलं नाही.

परिक्रमेचा रस्ता सातेक किलोमीटरचा आहे. वर सिद्धनाथाचं पडकं देऊळ लागतं. शिखर गेलंय, पण जोत्यावर चहूबाजूंनी कोरलेले हत्ती आहेत. काही झुंजतायत, काहींच्या सोंडा तुटल्यात. कालच्या हत्तींपेक्षा हे खूपच लहान, पण मी त्यांच्याशी बराच वेळ रमले. डोंगरावर 2023 साली उभारलेला आदि शंकराचार्यांचा 108 फुटी पुतळा इकडून तिकडून सारखा दिसत राहतो.

शोधाचा निकाल मात्र पार्जिटर यांच्या बाजूनं लागला नाही. आज बहुतेक अभ्यासक महेश्वरच धरून चालतात. का, ते नावडातोलीला गेल्यावर.

तिसरा दिवस : मंडलेश्वर, महेश्वर

ओंकारेश्वरहून महेश्वर पासष्टेक किलोमीटर. त्याच्या अलीकडे आठेक किलोमीटरवर मंडलेश्वर. आणखी एक दावेदार, पण हा वेगळ्या जातीचा.

शंकराचार्यांच्या चरित्रकथांत मीमांसेचे पंडित मंडनमिश्र यांचं घर माहिष्मतीत आहे. तरुण संन्यासी गावाबाहेर नदीवर पाणी भरणाऱ्या बायकांना मंडनमिश्रांच्या घराचा पत्ता विचारतो. त्या सांगतात, ज्या दारात पिंजऱ्यातल्या मैना 'वेद स्वतः प्रमाण की परतः प्रमाण' असा वाद घालत असतील, ते घर. सगळ्या भारतीय वाङ्मयात पत्ता सांगण्याची याहून झकास तऱ्हा मला माहीत नाही. मग ती प्रसिद्ध चर्चा, मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती पंच, नवऱ्याच्या पराभवानंतर तिनं विचारलेले कामशास्त्राचे प्रश्न आणि उत्तरं मिळवण्यासाठी आचार्यांनी केलेला परकायाप्रवेश. मंडलेश्वरच्या गुप्तेश्वर मंदिरात ही कथा स्थानिक इतिहास म्हणून सांगितली जाते.

पण बिहारात सहरसा जिल्ह्यात महिषी नावाचं गाव आहे. मैथिल लोक मंडनमिश्रांना तिथलेच मानतात आणि कथेतली माहिष्मती म्हणजे आमची महिषी, असं ठासून सांगतात. पुजाऱ्यांपाशी मी हा विषय काढला. "वो लोग कहते रहें," ते म्हणाले. "नर्मदाजी वहाँ कैसे ले जाएँगे?" मुद्दा बिनतोड होता.

महेश्वरला पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. त्या दिवशी घाटावर नुसतं बसलो.

चौथा दिवस : महेश्वर

सकाळी गडावर. अहिल्याबाईंचा राजवाडा म्हणून जे दाखवतात ते बघून रामोजीतून आलेल्या माणसाला धक्काच बसतो. लाकडी खांबांचा, बुटका, आपल्याकडच्या एखाद्या सुस्थितीतल्या वाड्यासारखा वाडा. ओसरीवर गादी, तक्क्या, शेजारी देवघर. ज्या बाईंनी काशी, सोमनाथ, गया इथं देवळं बांधून घेतली, त्यांची स्वतःची बसायची जागा एवढीच. 1767 साली मुलगा मालेराव गेल्यानंतर त्यांनी कारभार हाती घेतला आणि राजधानी इंदुरात न ठेवता इथं आणली. 13 ऑगस्ट 1795 रोजी त्या इथंच गेल्या. जन्म आपल्या चौंडीचा, 31 मे 1725 चा.

देवघराशेजारी सकाळी लिंगार्चन चालू होतं. ब्राह्मण पाटावर काळ्या मातीची बारीक बारीक शिवलिंगं ओळीनं मांडतात, पूजा होते आणि सगळी नर्मदेत विसर्जित करतात. अहिल्याबाईंच्या काळापासून हा नेम चालत आलाय. सकाळभरात एक अख्खी नगरी मांडायची आणि दुपारच्या आत नदीला देऊन टाकायची.

खाली उतरताना विठोजी होळकरांची छत्री लागते. 1801 साली पुण्यात दुसऱ्या बाजीरावानं त्यांना हत्तीच्या पायी दिलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याचा सूड म्हणून यशवंतरावांनी पुण्याची काय दशा केली तेही. छत्रीच्या जोत्यावर इथंही हत्तींची ओळ आहे. कोरणाऱ्याच्या मनात काय होतं देव जाणे, पण तिच्यासमोर उभं राहून माझ्या अंगावर काटा आला. समोरच अहिल्येश्वर.

राजराजेश्वराचं देऊळ थोडं आत आहे. हे सहस्रार्जुनाचं समाधिस्थान मानतात. आत तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवत असतात आणि भाविक तूप आणून देतात. कार्तवीर्य सहस्रार्जुन, हैहयांचा राजा, माहिष्मतीचा सगळ्यात मोठा पुरुष. आपण त्याला ओळखतो ते परशुरामानं मारलेला खलनायक म्हणून. इथं तो देव आहे. आपली कुळी हैहयांपर्यंत नेणारे लोक देशभरातून त्याच्या दर्शनाला येतात.

हैहयांचं नाव सांगणारे ऐतिहासिक राजे म्हणजे कलचुरी. सहाव्या-सातव्या शतकांत त्यांची पहिली शाखा माहिष्मतीहून राज्य करत होती: कृष्णराज, शंकरगण, बुद्धराज. कृष्णराजाची नाणी महाराष्ट्रात सापडतात, घारापुरीलाही सापडली आहेत. वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी घारापुरीचं मोठं लेणं याच कलचुरींच्या काळाशी जोडलंय. हे बरोबर असेल तर माहिष्मतीच्या राजांची खरी भव्य वास्तू बघायला गेटवे ऑफ इंडियावरून लाँच पकडावी लागते. पुढं जबलपूरजवळ त्रिपुरीला, छत्तीसगडात रतनपूरला कलचुरींच्या शाखा गेल्या, राजधान्या बदलल्या, पण कार्तवीर्याचा पूर्वज म्हणून उल्लेख सुटला नाही. सिनेमावाल्यांनी केलं ते हेच, फक्त त्यांनी ताम्रपट काढला नाही.

दुपारी विणकरांकडे. अहिल्याबाईंनी कारागीर आणवून वसवले आणि महेश्वरी साडी जन्माला आली. बुगडी किनार, म्हणजे दोन्ही बाजूंनी नेसता येणारी. काठांवरची नक्षी गडाच्या भिंतींवरून आणि नदीच्या लाटांवरून उचललेली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या मंडळींनी रेहवा सोसायटी काढून मरायला टेकलेले माग पुन्हा चालते केले. मी दोन साड्या घेतल्या. भाव सांगत नाही, घरी अजून सांगितलेला नाही.

संध्याकाळी घाटावर एक लग्नाआधीचं फोटोशूट आणि एक कुठलं तरी चित्रीकरण शेजारी शेजारी चाललं होतं. गावाला त्याचं काही नाही. 'पॅडमॅन' इथला, 'दबंग 3' मधला घाट इथला. गंमत अशी की हा घाट पडद्यावर इतक्यांदा दिसला, पण ज्या सिनेमानं याच गावाचं जुनं नाव जगभर नेलं त्याला इथं यावंसं वाटलं नाही. मसाला चहा विकणाऱ्या पोऱ्याला मी विचारलं, माहिष्मती कुठं? तो म्हणाला, "यही तो है। पिक्चर वाली अलग है।"

पाचवा दिवस : नावडातोली

या दिवसासाठी मी आले होते. भाच्याला काल रात्रीच बजावलं होतं की आज बघण्यासारखं काहीही नसेल.

सकाळी नाव करून पलीकडे गेलो. नर्मदा इथं रुंद आणि शांत आहे. नावाड्यानं मधल्या बाणेश्वराच्या देवळाला वळसा घातला. दक्षिण काठावर उतरलं की नावडातोली. आधी घाट, मग शेतं, आणि शेतांमध्ये मातीची टेकाडं. आपल्याकडे गावोगाव जिला पांढर म्हणतात, तशीच.

1952–53 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजची आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची माणसं इथं आली. हसमुख सांकळिया, सुब्बाराव, शां. भा. देव. पुराणांत नर्मदेकाठची सगळ्यात गाजलेली नगरी माहिष्मती, ती महेश्वरलाच असावी असं परंपरा सांगते, तर खणून बघू, असा सरळ हिशेब. महेश्वरच्या बाजूला ऐतिहासिक काळातले थर मिळाले, पण खरं घबाड या काठाला लागलं. म्हणून 1957 ते 1959 या काळात इथं पुन्हा मोठं उत्खनन झालं.

काय मिळालं? राजवाडा नाही. सहस्रार्जुनाचं सिंहासन तर नाहीच. मिळाल्या त्या झोपड्या. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या, कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या, काही गोल, काही चौकोनी. लाकडी मेढी कुजून गेल्या, पण त्या रोवलेले खड्डे जमिनीत राहिले आणि त्या खड्ड्यांच्या रांगांवरून घरांचे आकार कळले. चुली मिळाल्या, धान्य साठवायची जागा मिळाली. जळून कोळसा झालेले दाणे मिळाले आणि जळाले म्हणूनच टिकले: गहू, वरच्या थरांत तांदूळ, मसूर, मूग, वाटाणा, लाख, जवस. दगडाची बारीक धारदार पाती मिळाली, थोडं तांबं मिळालं. आणि खापरं, ढिगांनी. तांबूस अंगावर काळ्या रंगानं काढलेली नक्षी: त्रिकोण, जाळ्या, हरणं, नाचणारी माणसं. देठ असलेले पेले, पन्हळीसारख्या तोटीची वाडगी. अशी तोटीची भांडी इराणातही मिळतात म्हणून सांकळियांनी तिकडच्या संबंधाची शक्यता मांडली होती आणि त्यावर पुढं वादही झाला. या खापरांना माळवा संस्कृतीची खापरं म्हणतात. पुढं तीच संस्कृती इनामगावला आपल्या घोड नदीकाठी भेटते.

मला या उत्खननाचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की मंडळी पौराणिक राजधानी शोधायला निघाली होती आणि हाती आलेल्या मसुरीच्या दाण्याला त्यांनी राजधानीपेक्षा कमी लेखलं नाही. आलेला माल जसा होता तसा मोजला, चितारला, 1958 साली अहवाल छापला. माहिष्मती सापडली असा डंका पिटायला त्या काळातही गिऱ्हाइकं मिळाली असतीच.

मग महेश्वरच माहिष्मती कशावरून? पाटी लिहिलेला दगड मिळालेला नाही. पण जुने प्रवासी उपयोगी पडतात. पाली सुत्तनिपातात गोदावरीकाठच्या बावरीचे सोळा शिष्य बुद्धाला भेटायला उत्तरेला निघतात. त्यांचे मुक्काम क्रमानं दिलेत: प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण, मग माहिष्मती, मग उज्जयिनी, पुढं विदिशा. पैठणहून उज्जैनला जाताना नर्मदा ओलांडायची तर ती याच टापूत. मंडला फार पूर्वेला पडतं, म्हैसूर तर उलट दिशेला. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत माहिष्मतीचे रहिवासी आहेत, त्यांची गावासकट नावं दगडात कोरलेली आहेत. राजाराण्यांपेक्षा हे पुरावे मला जास्त विश्वासाचे वाटतात. स्वतःच्या खिशातून दान देणारा माणूस गावाचं नाव कशाला खोटं सांगेल?

शेतातल्या बाईंनी आम्हाला टेकाडाकडे बघत उभं राहिलेलं पाहून विचारलं की जमीन घ्यायची आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी हरभऱ्याचे डहाळे दिले. भाचा नांगरटीत पडलेली खापरं उलटीपालटी करून बघत होता. त्याला काळी रेघ असलेलं एक मिळालं. खिशात घालायला निघाला होता, मी परत ठेवायला लावलं. परतीच्या नावेत तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "यांच्यावर आक्रमण कुणी केलं होतं?" त्याच्या डोक्यात अजून कालकेय होते. मी म्हटलं, घरं जळाल्याच्या खुणा आहेत, पण कुडाच्या घराला जळायला सैन्य लागत नाही.

सहावा दिवस : सहस्रधारा, जानापाव

महेश्वरपासून थोड्या अंतरावर, नदीच्या उताराच्या दिशेनं सहस्रधारा. आतापर्यंत गुळगुळीत वाहणारी नर्मदा इथं काळ्या खडकांत शिरते आणि फुटून असंख्य प्रवाह होतात. सहस्रार्जुनानं हजार हातांनी नदी अडवली आणि बोटांमधून ती निसटली, ती ही जागा. उत्तरकांडातली कथा अशी: राजा राण्यांसह जलक्रीडा करत होता, त्यानं प्रवाह अडवला, पाणी उलटं चढलं आणि काठावर शिवपूजा मांडून बसलेल्या रावणाची फुलं वाहून गेली. रावण भांडायला आला तर राजानं त्याला बांधून माहिष्मतीत कोंडून ठेवलं. शेवटी आजोबा पुलस्त्य सोडवायला आले. वेगवान पाण्यामुळे आता इथं कनोइंगचे खेळाडू सराव करतात. त्यांच्या एकेका वल्ह्याकडे बघत आम्ही अर्धा तास उन्हात काढला.

मग धामनोद, मानपूर आणि घाट चढून माळव्याच्या पठारावर. पतंजलीनं महाभाष्यात आश्चर्याचं उदाहरण म्हणून या वाटेचा उल्लेख केलाय: उज्जयिनीहून निघालेला माणूस माहिष्मतीत सूर्य उगवताना बघतो. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये विंध्याचा उतार. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका रात्रीत हे करणारा गडी घोड्यावर असला तरी भलताच असणार. आमची गाडी त्या घाटात ट्रकांच्या मागं पाऊण तास रांगत होती.

मानपूरच्या पुढं जानापावचा डोंगर. जमदग्नींचा आश्रम इथं होता आणि परशुरामाचा जन्म इथला, असं मानतात. चंबळचा उगमही इथलाच. सहस्रार्जुनानं जमदग्नींची कामधेनू पळवली, परशुरामानं त्याचे हजार हात तोडले, मग त्याच्या मुलांनी जमदग्नींना मारलं आणि मग एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय. परवा ज्याच्यासमोर अकरा दिवे बघितले, तो इथं गाय चोरणारा. दोन्ही देवळांत रस्त्यानं गेलं तर पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर आणि दोन्हीकडे गर्दी.

आमचा ड्रायव्हर धामनोदचा. तुम्ही कुणाच्या बाजूचे, असं भाच्यानं त्याला विचारलं. "भैया, हम तो दोनों जगह सवारी लाते हैं," तो म्हणाला.

महूपर्यंत भाचा मोबाइलवर काहीतरी लिहीत होता. वाचून दाखवलं तेव्हा कळलं की तो 'बाहुबली'चा तिसरा भाग आहे. त्यात कामधेनू आहे, रावण कैदेत आहे आणि परशुरामाला भेटायला डोंगर चढून कटप्पा येतो. मी एवढंच म्हटलं की या खेपेला धबधब्याऐवजी नदी घे. तो म्हणाला, नदीला बजेट कमी लागेल, विचार करता येईल.